पोत्यावर वाणाचं नाव लिहा

माझ्यासमोर ओट्यावर आत्ता सोया पनीरचे, म्हणजे टोफूचे, दोन ठोकळे आहेत. दोन्ही आज सकाळचेच. पाणी तेच, आच तीच, दाबाचं वजनही तेच. डावीकडच्यावर सुरी ठेवली की सरळ खाली उतरते, कड चकचकीत निघते आणि कोपरा ताठ उभा राहतो. उजवीकडचा आधी सुरीखाली दबतो, मग एकदम फाटतो, आणि कडेचा भुगा सुरीला चिकटून येतो. डावीकडचं सोयाबीन माझ्या चुलत दिरांच्या शेतातलं आहे, सगळं एकाच वाणाचं. उजवीकडचं आडतीवरून आणलेलं.

लातूर जिल्ह्यात आमचं लहानसं युनिट आहे. रोज २५ किलो सोयाबीन भिजतं आणि त्यातून ४० किलोच्या आसपास पनीर निघतं. मी, दोन मावशी आणि गाडीवर एक मुलगा, एवढीच माणसं. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकले. तिथे प्रथिनांच्या रचनेचे धडे पाठ करून पेपर लिहिले आणि विसरून गेले. ते धडे मला पुन्हा उघडावे लागले तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर.

तेव्हा एका वसतिगृहाच्या मेसला आम्ही आठवड्याला ३० किलो पनीर देत होतो. एका शुक्रवारी दुपारी मेसवाल्या काकांचा फोन आला, "ताई, पनीर रश्श्यात टाकलं आणि दहा मिनिटांत विरघळलं. पोरं विचारतायत फोडी कुठं गेल्या." मी जाऊन पातेलं पाहिलं. खरंच फोड नावाची गोष्ट उरली नव्हती, नुसता पांढरा रवा तरंगत होता. पुढच्या आठवड्यापासून ऑर्डर बंद झाली. पैशांचं नुकसान होतंच, पण मला जास्त लागलं ते हे की चूक कुठे झाली ते मला सांगता येईना. मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणजे सोयादूध फाडायचं मीठ, त्याच पिशवीतलं होतं, थर्मामीटर बरोबर होता, दाबाचे दगडही तेच होते. बदललं होतं फक्त सोयाबीन. दिरांचा माल संपला म्हणून मी बाजारातून सहा पोती घेतली होती.

आता थोडं आत जाऊ, कारण खरी गोष्ट दाण्याच्या आत आहे.

सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिन असतं. हे प्रथिन आपल्यासाठी नसतं, उगवणाऱ्या कोंबाची ती शिदोरी असते, म्हणून ते घट्ट घडी घालून ठेवलेलं असतं. त्यातला फार मोठा हिस्सा दोनच प्रथिनांचा असतो: ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन. पुस्तकांत त्यांना ११ एस आणि ७ एस म्हणतात. एस म्हणजे स्वेडबर्ग. प्रचंड वेगाने फिरणाऱ्या यंत्रात कोणतं प्रथिन किती लवकर तळाकडे जातं, त्याचं ते माप. ११ एस मोठं आणि जड, ७ एस लहान. ग्लायसिनिन हे नाव १८९८ सालापासून चालत आलंय.

ग्लायसिनिनचा एक कण म्हणजे सहा तुकड्यांची जोडणी. तीन तुकड्यांची एक चकती, तिच्यावर तीन तुकड्यांची दुसरी. प्रत्येक तुकडाही पुन्हा दोन साखळ्यांचा असतो, एक आम्लधर्मी आणि एक अल्कधर्मी, आणि त्या दोघींना एकमेकींशी गंधकाच्या बंधाने शिवलेलं असतं. मी मावशींना सांगताना 'गंधकाचा टाका' असंच म्हणते. बीटा-कॉन्ग्लायसिनिन तीनच तुकड्यांचं असतं. त्याच्या तुकड्यांमध्ये असा टाका नसतो, ते नुसते एकमेकांना बिलगून बसलेले असतात, आणि अंगावर साखरेच्या लहान साखळ्यांची झालर असते.

एवढ्याशा फरकातून पनीरचा सगळा स्वभाव ठरतो. टाक्यांचं ग्लायसिनिन उष्णतेने उलगडलं की ते टाके सुटून शेजारच्या कणाशी नव्याने बसतात आणि घट्ट, कडक जाळी तयार होते. सुरीखाली ताठ राहणारा कोपरा तो हाच. बीटा-कॉन्ग्लायसिनिनची जाळी मऊ आणि लवचीक होते. पण त्याला कमी लेखू नका. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायचं काम तेच जास्त चांगलं करतं, म्हणून सोयाचं क्रीम किंवा अंड्याशिवायचं मेयोनीज करायचं असेल तर ते हवंच. पनीरवाल्याला ग्लायसिनिन जास्त असलेला दाणा लाडका. सॉस करणाऱ्याची आवड वेगळी असणार.

एक प्रयोग मी युनिटवर येणाऱ्या प्रत्येक मुलीला करून दाखवते. वाटलेलं, गाळलेलं कच्चं सोयादूध एका पेल्यात घ्यायचं आणि त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी घालायचं. थोड्या वेळाने तळाशी खडूच्या भुकटीसारखा साका बसतो. तो फडक्यात बांधून कितीही दाबला तरी पनीर होत नाही. आता तेच दूध नीट उकळून, जरा निवू देऊन तेवढंच मीठ घातलं, की ढगांसारखे गठ्ठे वर येतात आणि खाली पिवळसर, स्वच्छ निवळी सुटते. म्हशीच्या दुधाचं असं नसतं. तिथे केसीन मुळातच सैल असतं, आम्ल मिळालं की गोळा होतं. सोयाचं प्रथिन घडी करून ठेवलेलं असतं. त्याचे पाण्याला टाळणारे भाग आत लपलेले असतात. उष्णतेने घडी उलगडली की ते भाग उघड्यावर येतात आणि एकमेकांचा आधार शोधू लागतात. पण कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांबही ढकलत राहतात. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम तो भार शमवतं, मग कण जवळ येतात आणि जाळी बांधली जाते. आधी उकळायचं आणि मग फाडायचं, हा क्रम उलटा करून चालतच नाही.

आणि उकळणं म्हणजे खरंच उकळणं. बीटा-कॉन्ग्लायसिनिनची घडी ७० ते ७५ अंशांच्या आसपास उलगडते. ग्लायसिनिनला ९० अंशांच्या जवळ जावं लागतं. इथेच नवीन माणूस फसतो. सोयादुधात सॅपोनिन असतं, त्यामुळे त्याला साबणासारखा फेस येतो. खरी उकळी फुटायच्या बरीच आधी, ८०-८५ अंशांवरच, दूध फसफसून पातेल्याच्या काठापर्यंत चढतं. बघणाऱ्याला वाटतं उतू चाललं, उकळलं, करा गॅस बंद. तेव्हा गॅस बंद केला तर बीटा-कॉन्ग्लायसिनिन उलगडलेलं असतं आणि ग्लायसिनिन अजून घडीतच. पनीर होतं, पण लुसलुशीत, पिचणारं. आमच्याकडे फेस चढला की मावशी थोडं गार पाणी शिंपडतात, आच मंद करतात, फेस बसू देतात आणि मग दूध पुन्हा वर आणून ९५ च्या पुढे दहा मिनिटं ठेवतात. थर्मामीटर पातेल्याच्या मध्यात धरायचा, कडेला नाही. हा नियम भिंतीवर खडूने लिहिलाय.

दहा मिनिटं धरून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, म्हणजे आपल्या पोटातलं प्रथिन पचवणारं विकर अडवणारी प्रथिनं. त्यातलं एक, कुनिट्झ नावाचं, दोन गंधकी टाक्यांनी शिवलेलं असतं. दुसरं, बोमन-बर्क, इवलंसं असतं पण त्याला सात टाके. म्हणून ते उष्णतेलाही चिवट. जो टाका मला पनीरमध्ये हवाहवासा वाटतो, तोच इथे काम वाढवतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने कुनिट्झ इनहिबिटर नसलेला एनआरसी १२७ हा वाण काढला. पुढे एनआरसी १४२ मध्ये त्यासोबत लायपॉक्सिजिनेज-२ हे विकरही काढून टाकलं. दाणा पाण्यात वाटताना हेच विकर तेलाला हवेतला ऑक्सिजन लावतं आणि त्यातून तो हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास येतो. अनेक लोक सोयादूध तोंडाला लावत नाहीत ते ह्या वासामुळेच.

वासावर दुसरा उपाय म्हणजे दाणे उकळत्या पाण्यात टाकून गरमच वाटणं. ते विकर लगेच मरतं आणि दुधाला वास येत नाही. मीही सुरुवातीला असंच करायचे. मग एकदा चोथा तोलला तेव्हा कळलं, चोथा जास्त निघतोय आणि पनीर कमी. दाण्याच्या आतच प्रथिन आधी शिजलं की ते गोठून तिथेच अडकतं, दुधात उतरत नाही. आता मी दाणे थंड पाण्यात भिजवते, उन्हाळ्यात सहा तास आणि थंडीत दहा. वाटताना फक्त पाणी कडक तापलेलं घेते आणि मिनिटाभरात वाटण पातेल्यात पाडते. वास पूर्ण जात नाही, पण प्रथिन वाया जात नाही. मला हा सौदा मान्य आहे.

आता त्या बिघडलेल्या पोत्यांकडे येते. वाण हे एक कारण होतं, दुसरं होतं पाणी. त्या वर्षी परतीचा पाऊस ऐन काढणीत आला. कापून ठेवलेल्या गंजी भिजल्या, शेंगेतच दाणे काळवंडले. आडतीवर असा डागी माल चांगल्यात मिसळून विकला जातो, वरून पटकन कळत नाही. ओलसर, गरम जागी पडून राहिलेल्या दाण्यात प्रथिनांच्या घड्या बंद पोत्यातच हळूहळू बिघडतात. ती एकमेकांत अडकून बसतात आणि पाण्यात नीट उतरत नाहीत. तेलाला खवटपणा येतो, दुधाची आंबटता थोडी वाढते. आंबटता वाढली की दूध अशा टप्प्याकडे सरकतं, जिथे प्रथिन विरघळत नाही. सोया प्रथिन ४.५ सामूजवळ (सामू म्हणजे पीएच, आंबटपणाचं माप) पाण्यात राहतच नाही. मग मीठ घालताच गठ्ठे घाईने, बारीक-बारीक पडतात आणि पाणी धरून ठेवणारी एकसंध जाळी बनत नाही. मेसच्या पातेल्यातला तो पांढरा रवा म्हणजे हेच होतं.

तेव्हापासून कोणतंही नवीन पोतं चाचणीशिवाय पुढे जात नाही. १०० ग्रॅम दाणे भिजवायचे. ७०० मिलीलीटर पाण्यात वाटून, गाळून, ९५ अंशांवर दहा मिनिटं ठेवायचं. ८० वर उतरलं की मोजलेलं मीठ दोन चमचे पाण्यात विरघळवून घालायचं, पळी फक्त तीनदा फिरवायची आणि हात काढून घ्यायचा. मग वीस मिनिटं दोन किलो वजनाखाली. वजन करायचं, सुरी लावायची, आणि एक फोड कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं सोडायची. फोड शाबूत राहिली तर पोतं घ्यायचं. माझ्या वहीत आता अशा ८७ चाचण्या आहेत. वहीत पहिला रकाना वाणाचा आहे, आणि बाजारातल्या मालापुढे तो कायम रिकामा.

हा रिकामा रकाना मला खुपतो. आडतीवर सोयाबीनचा भाव ठरतो ओलाव्यावर, माती-काडीवर आणि डागी दाण्यावर. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे ना, एवढं पाहिलं की काटा होतो. घेणारा मुख्यतः तेलाचा कारखाना. त्याला दाण्यात १८-२० टक्के तेल हवं, उरलेली पेंड डीओसी म्हणून कोंबड्यांच्या खाद्याला जाते. त्यांच्या धंद्याला हे पुरेसं आहे. पण तेल आणि प्रथिन दाण्यात एकमेकांची जागा खातात. एक वाढवत नेलं की दुसरं बहुतेक वेळा घटतं. आणि प्रथिन कोणत्या प्रकारचं, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. जेएस ३३५, परभणीचे एमएयूएस, कसबे डिग्रजचा फुले संगम, पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस, हे सगळे वाण एकाच ढिगात जातात. जपानमध्ये टोफू करणारा फुकुयुताका वाण नावाने मागतो, कारण त्याला ठाऊक असतं की दुकानातला ठोकळा शेतात ठरतो. आपल्याकडे आंबेमोहर आणि इंद्रायणी तांदूळ नावाने विकला जातो, मालदांडी ज्वारी नावाने विकली जाते. सोयाबीन मात्र फक्त 'सोयाबीन'. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या जिल्ह्याचं सगळं अर्थकारण ज्या दाण्यावर फिरतं, त्याला निदान नाव तरी असावं.

गेल्या वर्षी ह्यातलीच आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली, आणि ती मी घरोघर सांगत फिरते. ग्लायसिनिनला गंधक लागतं. टाके गंधकाचेच, शिवाय गंधक असलेली अमिनो आम्लंही त्यात जास्त असतात. बीटा-कॉन्ग्लायसिनिनचा 'बीटा' हा तुकडा मात्र जवळजवळ गंधकाशिवाय बनतो. जमिनीत गंधक कमी पडलं की रोप काय करतं? शिदोरी बांधायचं थांबवत नाही. ग्लायसिनिन कमी करतं आणि बिनगंधकाचा बीटा तुकडा वाढवतं. एकूण प्रथिनाचा आकडा पाहिला तर फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. पण पोषण हलकं होतं आणि पनीर मऊ पडतं.

आमच्याकडे पेरणीला बहुतेक जण डीएपी खत टाकतात. डीएपीत गंधक नसतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असतं. दरवर्षी सोयाबीन घेत राहायचं, प्रत्येक पिकाबरोबर जमिनीतलं गंधक घरी न्यायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, असं आपण कित्येक वर्षं करतोय. मी दिरांना हे सांगितलं तेव्हा ते बांधावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, खताच्या पोत्यानं पनीर घट्ट होतं, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय." मी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसले, दोन चकत्या काढल्या, टाके काढले. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग दोन एकरात सुपर टाकू, दोन एकरात नेहमीचं. पोती वेगळी ठेवतो. चालतंय का?"

चालतंय म्हणजे काय, मला हेच हवं होतं.

एक जुनी आठवणही इथे नोंदवून ठेवते, कारण ती ह्याच जाळीची आहे. एकदा फ्रीजरचं बटण चुकीचं फिरलं आणि आठ ठोकळे रात्रभर गोठले. सकाळी पिवळट, दगडासारखे. वितळल्यावर दाबून पाहिले तर पाणी निथळलं आणि ठोकळा स्पंज झाला होता. बर्फाचे खडे वाढत गेले तसं त्यांनी प्रथिनाला कोपऱ्यात रेटलं. तिथे दाटीवाटीने ते एकमेकांना इतकं घट्ट धरून बसलं की बर्फ वितळल्यावरही भोकं तशीच राहिली. जपानमध्ये कोया-डोफू मुद्दाम असाच गोठवून, वाळवून करतात. आमच्या मावशींनी ते ठोकळे पिळून काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडले. रस्सा आत इतका मुरला की त्या दिवशी जेवणात दुसरं काही लागलं नाही. आता आठवड्यातून एकदा दहा किलो मी मुद्दाम गोठवते. उदगीरच्या एका खानावळीला तेच हवं असतं.

दिरांची पोती परवा आली. त्यांनी स्वतः लाल रंगाने लिहिलंय. चार पोत्यांवर 'एमएयूएस १६२, सुपर', चार पोत्यांवर 'एमएयूएस १६२, डीएपी'. डावीकडचा ठोकळा पहिल्या चारांतल्या एका पोत्याचा आहे. दुसऱ्या चारांतले १०० ग्रॅम दाणे मी आत्ताच भिजत घातलेत. थंडी आहे, दहा तास लागतील. वहीत ८८ आकडा टाकलाय आणि वाणाचा रकाना भरलाय.